पथकात हॅम रेडिओ रुजवायचा असेल तर माइक सगळ्यांत शेवटी

सातारा जिल्ह्यातल्या एका गाईड कॅप्टन बाईंचा प्रश्न आहे. त्यांनी गेल्या वर्षी हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, रिस्ट्रिक्टेड ग्रेड (पहिल्या पायरीचा) परवाना काढला. शाळेत स्काऊटचं एक पथक आणि गाईडची एक कंपनी, मिळून पन्नास-पंचावन्न मुलं-मुली. डिसेंबरच्या शिबिरात एका अनुभवी हॅमला बोलावून त्यांनी प्रात्यक्षिक ठेवलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, आणि नंतर एकाही मुलाने रेडिओचं नाव काढलं नाही. आता मुख्याध्यापक थोडे पैसे द्यायला तयार आहेत. तर सेट कोणता घ्यावा, आणि ऑक्टोबरच्या 'जोटा'त (जगभरच्या स्काऊट-गाईडांच्या रेडिओवरच्या मेळ्यात) मुलांना कसं उतरवावं?

बाई, आधी पैशांचं बोलू. या वर्षी सेट घेऊ नका. मुख्याध्यापकांना नाही म्हणू नका, पण त्या पैशांतून वायर, दोर, स्टीलचे मेजर टेप आणि पीव्हीसी पाइप आणा. तुमच्याकडे तुमचा सेट आहे, तो पुरे. शाळेच्या पैशांनी आणलेल्या महागड्या सेटचं काय होतं ते मी दोन ठिकाणी पाहिलं आहे. तो प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात जातो, किल्ली एका शिक्षकाकडे असते, आणि त्या शिक्षकाची बदली झाली की विषय संपतो.

प्रात्यक्षिकाचं म्हणाल तर मीही नेमकं तेच केलं होतं. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी स्काऊट मास्तर, आणि हातात नुकताच आलेला वरच्या पायरीचा, जनरल ग्रेडचा परवाना. मैदानावर टेबल मांडलं, वर ताडपत्री बांधली, बॅटरी जोडली, चाळीस मुलं रांगेत बसवली आणि सीक्यू, म्हणजे 'कोणी ऐकतंय का' अशी हाक, दिला. स्पीकरमधून खरखर आली आणि त्या खरखरीतून हैदराबादच्या एका हॅमचा आवाज. मला तो स्वच्छ कळत होता, कारण माझा कान तयार झालेला. मुलांना फक्त खरखर. मी पाऊण तास बोललो. शेवटी 'काही शंका?' विचारल्यावर सातवीतला एक संघनायक उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मग यात आम्ही काय करायचं?"

त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. नंतर मी रेडिओबद्दल पथकात जे काही केलं ते त्याचं उत्तर शोधतच केलं. मला सापडलेलं उत्तर असं: रेडिओ पथकाला दाखवायचा नाही, तो संघाच्या हाती द्यायचा. सहा ते आठ जणांच्या संघात प्रत्येकाला वेगळं काम मिळालं पाहिजे. स्वयंपाकात एक जण चूल लावतो, दुसरा भाजी चिरतो, तिसरा पाणी आणतो, म्हणून शिबिरातला स्वयंपाक मुलांना आवडतो. सेटसमोर एका वेळी एकच जण बसू शकतो. उरलेले सात जण त्याच्या पाठीकडे बघत बसतात. तुमच्या शिबिरातही बहुधा हेच झालं असणार. आलेल्या हॅमचा त्यात दोष नाही. त्यांना रेडिओ येतो, संघपद्धत येत नाही. ती तुम्हाला येते.

म्हणून पहिली बैठक अँटेनाची ठेवा. साधा हाफ-वेव्ह डायपोल, म्हणजे लहरीच्या निम्म्या लांबीची, मधोमध केबल जोडलेली तार. फळ्यावर एकच सूत्र लिहा: १४२.५ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी, उत्तर मीटरमध्ये. ७.१ मेगाहर्ट्झला वीस मीटरच्या किंचित वर येतं, म्हणजे प्रत्येक बाजूला दहा. १४.२ ला दहा मीटर, बाजूला पाच-पाच. फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की तार निम्मी होते हे आठवीच्या मुलांना आपोआप दिसतं, सांगावं लागत नाही. घरातल्या वायरिंगची साधी तांब्याची वायर चालते. इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे घ्यायचे, दोन्ही टोकांना एकेक भोक पाडायचं. मग इथे तुमच्या गाठी कामाला येतात. इन्सुलेटरच्या भोकात बोलाइन, खांबाला क्लोव्ह हिच, जाड-बारीक दोर जोडायला शीट बेंड, आणि दोन बांबू एकावर एक चढवायला लॅशिंग. सोपान परीक्षेसाठी (स्काऊट-गाईडच्या पायऱ्यांच्या परीक्षेसाठी) मुलं गाठी शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात, कारण गाठ सुटली तर काहीच बिघडत नाही. इथे गाठ सुटली की अँटेना खाली येते आणि पलीकडचा आवाज बंद होतो.

एका शिबिरात गाईडच्या एका संघाने ७.१ साठी डायपोल कापला. वर चढवून एसडब्ल्यूआर (अँटेना फ्रिक्वेन्सीला किती जुळली ते सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) पाहिला तर तो ६.९ च्या आसपास सगळ्यांत कमी. मला कारण दिसत होतं, पण मी गप्प बसलो. संघनायिकेने अँटेना उतरवायला लावली, पुन्हा मोजली, पुन्हा दहा मीटरच भरली. मग तिच्या लक्षात आलं की वायर वेटोळ्यातून काढल्यावर जमिनीवर नागमोडी पडली आहे आणि टेप मात्र सरळ ठेवला आहे. दोघींनी दोन्ही टोकं धरून ताणली आणि टेप लावला. प्रत्येक बाजूला जवळजवळ पाव मीटर जास्त निघाली. त्यांनी वायर कापली नाही, टोकाशी दुमडून पिळून ठेवली, म्हणजे चूक झालीच तर सोडवता येईल. कापण्यापेक्षा दुमडणं बरं, हे मी त्यांना शिकवलं नव्हतं.

अँटेनाबरोबर दोन गोष्टी मात्र आज्ञेसारख्या सांगा. विजेच्या तारांच्या आसपास अँटेना नाही. बांबू कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचणार नाही इतकं अंतर हवं, आणि ते पावलांनी मोजून घ्यायचं. दुसरं, ढग गडगडले की फीडर (अँटेनाची केबल) सेटमधून काढायचा आणि सगळ्यांनी अँटेनापासून लांब जायचं. आपल्याकडे ऑक्टोबरचा परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊनच येतो.

अँटेना झाली की ऐकणं. सेट तुमच्या ताब्यात, माइक पेटीत. स्पीकर बंद ठेवा आणि एका सॉकेटमधून दोन-तीन हेडफोन काढा. हेडफोन कानाला लागला की खरखरीतला माणूस सापडतो, स्पीकरवर तो मुलांना सापडत नाही. दोघं ऐकतात, एक जण लॉग लिहितो, एक जण नकाशावर टाचणी लावतो, एक जण घड्याळ बघतो, दर दहा मिनिटांनी जागा बदलतात. लॉगमध्ये वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉल साइन (परवान्याबरोबर मिळणारं स्टेशनचं नाव), गाव आणि आवाज कसा आला एवढंच. त्याआधी आठवडाभर 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही इंग्रजी अक्षरांची रेडिओवरची नावं पाठ करून घ्या. हजेरीला प्रत्येकाने आपलं नाव तसं सांगायचं, की चार दिवसांत होतं.

कॉल साइनमधलं एखादं अक्षर ऐकू आलं नाही तर तिथे रेघ मारायची, अंदाजाने अक्षर भरायचं नाही, हा नियम कडक पाळा. एकदा दोन संघ आळीपाळीने तोच नेट (ठरल्या वेळी अनेक हॅम एकत्र बोलतात तो) ऐकत होते. एका संघाच्या लॉगमध्ये कॉल साइनचं शेवटचं अक्षर नव्हतं, दुसऱ्याच्या लॉगमध्ये मधलं. संध्याकाळी लॉग शेजारी ठेवले आणि पूर्ण कॉल साइन तयार झाली. मुलांना किल्ला जिंकल्यासारखं झालं. दोघांपैकी एकानेही अंदाजाने अक्षर भरलं असतं तर ते जमलं नसतं.

शिबिराची पहाट यासाठी सोन्यासारखी असते. सूर्योदयाच्या आधी सात मेगाहर्ट्झवर लांबची स्टेशनं येतात आणि जवळची गायब असतात. नऊच्या सुमारास उलटं होतं: लांबची विरतात आणि कोल्हापूर, पुणे, बेळगाव बोलायला लागतात. याचं कारण आकाशात आहे. रात्रभरात आयनोस्फियर (आकाशातला, रेडिओलहरी परतवणारा विद्युतभारित पट्टा) विरळ होतो. उभ्या चढलेल्या लहरी त्यातून आरपार निघून जातात आणि तिरक्या गेलेल्याच वळून दूरवर उतरतात. ऊन चढलं की वरचा थर दाट होतो आणि उभ्या लहरीही परत पाठवतो, शिवाय खालचा एक थर तयार होऊन लांबचे सिग्नल शोषून घेतो. हे आधी सांगू नका. पहाटेच्या टाचण्या लाल, सकाळच्या हिरव्या लावायला सांगा. न्याहारीनंतर नकाशासमोर सगळ्यांना उभं करा. 'जवळचे आधी का नाही आले?' हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, आणि मग तुमचं उत्तर ऐकायला सगळे थांबतात.

आता ज्यासाठी मुलं शाळा सुटल्यावर थांबतात ते. आम्ही त्याला 'कोल्हा' म्हणतो. दोन मीटर बँडवर (दोन मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यात) अगदी कमी ताकदीचा ट्रान्समीटर परिसरात लपवायचा, तो थोड्या थोड्या वेळाने बोलतो, आणि संघांनी अँटेना फिरवत तो शोधायचा. ट्रान्समीटर परवानाधारकाचा आणि त्याच्या कॉल साइनवर. मुलांकडे फक्त ऐकणारे सेट.

अँटेना मुलांनीच बनवायची. मेजर टेपची पट्टी कापून पीव्हीसी पाइपच्या दांड्यावर तीन आडव्या काड्या बसवायच्या. मागची १०५ सेंटिमीटर, पुढची ८९, आणि मधली पंचेचाळीस-पंचेचाळीसच्या दोन तुकड्यांची, तुकड्यांमध्ये बोटभर फट. मागची आणि मधली यांच्यात २० सेंटिमीटर, मधली आणि पुढची यांच्यात ३२. मधल्या दोन तुकड्यांना पाच इंची वायरचा केसपिनसारखा आकडा आणि कोअ‍ॅक्स केबल, डाग देऊन (सोल्डर करून). टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने नीट घासल्याशिवाय डाग धरत नाही, तिथे घाई करू देऊ नका. कापलेल्या पट्टीची कड ब्लेडसारखी असते, ती गोल करून चिकटपट्टी गुंडाळा. मेजर टेपचा मोठा फायदा असा की झुडपात शिरलं तर पट्टी वाकते आणि बाहेर आलं की टणकन सरळ होते.

पहिल्या खेळात हमखास काय होतं ते सांगतो. मुलं अँटेना फिरवतात, एका दिशेला आवाज मोठा येतो, आणि सगळे तिकडे धावत सुटतात. धावता धावता पुन्हा मोजत नाहीत. आमच्या एका खेळात कोल्हा ओढ्याकाठच्या चिंचेच्या ढोलीत ठेवला होता. स्काऊटचे तीन संघ थेट शाळेच्या पत्र्याच्या शेडकडे पळाले, कारण लहरी पत्र्यावर आपटून तिकडून येत होत्या. शेडभोवती ते अर्धा तास घिरट्या घालत होते. गाईडचा एक संघ मात्र हलला नाही. त्यांनी ध्वजस्तंभापाशी दिशा घेतली, होकायंत्रावर अंश वाचले आणि परिसराच्या नकाशावर पेन्सिलने रेघ मारली. मग मैदानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन तसंच, मग विहिरीपाशी. तिसरी रेघ पहिल्या दोघींना जिथे छेदत होती तिथे ओढा होता. त्या चालत गेल्या.

कोल्ह्याच्या जवळ गेल्यावर नवीच अडचण येते: आवाज सगळ्याच बाजूंनी पूर्ण येतो, अँटेना फिरवून फरक कळत नाही. अशा वेळी सेट पाच-दहा किलोहर्ट्झ बाजूला सरकवायचा, म्हणजे तो कमी ऐकतो आणि दिशा पुन्हा दिसते. अगदी जवळ आल्यावर अँटेना काढून टाकायची, सेट छातीशी धरायचा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरायचं. जिकडे पाठ केल्यावर आवाज सगळ्यांत बारीक होतो, कोल्हा तिकडे, आपल्या पाठीमागे. स्वतःच्या शरीराने सिग्नल अडवून दिशा काढता येते हे मुलांना इतकं आवडतं की घरी जाऊन ती ट्रान्झिस्टरवर करून बघतात.

या खेळात होकायंत्र आहे, नकाशा आहे, अंतराचा अंदाज आहे, चिन्हं बघत वाट काढणं आहे. एकही गोष्ट अभ्यासक्रमाबाहेरची नाही. जिल्हा संघटकांनी 'हे स्काऊटिंगमध्ये कुठे बसतं?' विचारलं तर त्यांना खेळ बघायला बोलवा.

दुसरा माझा आवडता सराव निरोपाचा. मुलांना परवाना नाही म्हणून हा तारेवर करतो. भंगारातून दोन जुने लँडलाइन फोन आणा. दोघांना एकाच तारेच्या जोडीवर जोडा, मध्ये ओळीत नऊ व्होल्टची बॅटरी. घंटी वाजत नाही, पण रिसीव्हर उचलला की मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ बोलता येतं. आता एका संघाला कागदावर निरोप द्या: 'तिसऱ्या शिबिराला सहा ताडपत्र्या आणि ओआरएसची साठ पाकिटं संध्याकाळी पाचच्या आत पाठवा.' त्यांनी तो फोनवर सांगायचा, पलीकडच्याने लिहून घ्यायचा, तिथून धावत जाऊन दुसऱ्या तारेवर तिसऱ्याला. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

पहिल्यांदा आमच्याकडे दहा ताडपत्र्या आणि आठ पाकिटं पोचली. मराठीत 'सहा' आणि 'दहा', 'साठ' आणि 'आठ', 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' हे खरखरीत सारखेच ऐकू येतात. मुलांनी स्वतःच नियम काढला. मोठा आकडा सुटा सुटा सांगायचा, 'सहा, शून्य'. सहा-दहाचा घोळ तरी राहिलाच, तेव्हा एका कबने (स्काऊटच्या आधीच्या वयाच्या मुलाने) सुचवलं की एकपासून मोजत जायचं आणि आकड्यावर थांबायचं. ती पद्धत आम्ही आजही वापरतो. घेणाऱ्याने निरोप पूर्ण वाचून दाखवायचा आणि देणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय रिसीव्हर ठेवायचा नाही. आपत्तीत काम केलेला कोणताही हॅम तुम्हाला सांगेल की तिथल्या कामाचा गाभा हाच आहे.

आपत्तीचा विषय निघालाच आहे, तर पालकसभेत जपून बोला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात, भुजच्या २००१ च्या भूकंपात हॅम धावून गेले होते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी अंदमानात होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि मोहिमेचं स्टेशन मदतीचं स्टेशन झालं. या गोष्टी जरूर सांगा, त्या खऱ्या आहेत आणि अभिमानाच्या आहेत. पण 'तुमची मुलं पुरात संपर्क सांभाळतील' असं वचन देऊ नका. ते शिकलेल्या, परवाना असलेल्या मोठ्या माणसांचं काम आहे. मुलं शिकतात ते निरोप अचूक पोचवणं, आणि पालकांना तेवढंही पटतं.

आता कायदा. मुलांना माइक द्यायचा का, याबाबत मी पहिल्यापासून कडक आहे. परवाना नसलेलं मूल माझ्या पथकात प्रक्षेपण करत नाही. जोटासारख्या प्रसंगी खास परवानगी मिळाली असेल तर तिच्यातल्या अटी ओळ न ओळ वाचायच्या, आणि सेटचं बटण त्याही वेळी परवानाधारकाच्या हाताखाली. ऑनलाइन मिळणारे स्वस्त हँडसेट परवान्याशिवाय वापरता येत नाहीत, हे पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीच लिहून टाका, नाहीतर उत्साहाच्या भरात कोणीतरी चार मागवतं. मुलांना गुप्त भाषा फार आवडते, पण हॅम बँडवर गुप्त काही बोलायचं नाही, धंद्याचं नाही, राजकारणाचं नाही. क्यू-कोड (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत) चालतात कारण ते सगळ्या जगाला माहीत आहेत. ही बंधनं मुलांपासून लपवू नका. 'हा रस्ता सगळ्यांचा आहे, म्हणून सगळ्यांसमोर चालायचं' एवढं सांगितलं की त्यांना कळतं.

परवान्यासाठी किमान वय १२ वर्षं. म्हणजे तुमच्या पथकातल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी ऐकणं, बांधणं आणि कोल्हा. सातवी-आठवीपासून रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा अभ्यास सुरू करता येतो. त्याला मोर्स लागत नाही, जनरलला लागतं. परीक्षेचे दोन भाग तुम्ही दिलेच आहेत, रेडिओचं तंत्र आणि नियम. ओहमचा नियम, धारित्र, विद्युतचुंबकत्व हे मुलं शाळेत शिकतातच, त्यामुळे तंत्राला घाबरण्याचं कारण नाही. अडतात ती नियमांच्या भागात. अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा. परीक्षा झाल्यावर परवाना हातात यायला वेळ लागतो, तोवर मुलाचा उत्साह टिकवणं हे तुमचं काम. मी त्या काळात त्याला कोल्हा लपवायला बरोबर नेतो. लपवणाऱ्याला जास्त विचार करावा लागतो.

मोर्सबद्दल वेगळं सांगावंसं वाटतं. पूर्वी स्काऊटमध्ये झेंड्यांनी मोर्स पाठवायला शिकवत. आपल्या बीएसएनएलनेही जुलै २०१३ मध्ये तार बंद केली, त्यामुळे आता मुलांना ते जुनंपुराणं वाटेल अशी भीती असते. मला उलटा अनुभव आहे. फक्त टिंब-रेघांचा तक्ता भिंतीवर लावू नका. तक्त्यावरून शिकलेलं मूल डोळ्यांनी मोजत बसतं आणि कान तयारच होत नाही. अक्षर पहिल्यापासून वेगात वाजवायचं, दोन अक्षरांमध्ये जागा मोठी ठेवायची. 'डी-डा' म्हणजे ए, 'डा-डी-डी-डी' म्हणजे बी, हे चालीसारखं बसलं पाहिजे. ढोल-ताशा पथकात वाजवणारी मुलं हे सगळ्यांत आधी उचलतात.

आता तुमचा जोटा. 'जांबोरी ऑन द एअर'. १९५७ साली इंग्लंडमध्ये सटन पार्कला जागतिक जांबोरी भरली, तिथे हॅम स्टेशन होतं. स्काऊट असलेले हॅम तिथे भेटले, घरी गेल्यावरही हवेतून भेटत राहावं असं त्यांना वाटलं, आणि लेस मिचेल या इंग्लिश हॅमच्या पुढाकाराने मे १९५८ मध्ये पहिला जोटा झाला. आता तो दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो, इंटरनेटवरच्या जांबोरीबरोबर. महाराष्ट्रात अडचण इथेच येते. ऑक्टोबर म्हणजे पहिल्या सत्राची परीक्षा, आणि परीक्षा संपली की दिवाळी. २०२५ चा जोटा ऐन धनत्रयोदशीवर आला होता. फराळ सोडून मुलं मैदानावर येत नाहीत, आणि येऊ नयेतही.

म्हणून वर्षाचं मोठं काम जोटावर टांगून ठेवू नका. जोटाला तीन तासच ठेवा. संध्याकाळी वीस मीटर बँडवर १४.२९० मेगाहर्ट्झच्या आसपास स्काऊट स्टेशनं असतात, आणि आपल्याकडे संध्याकाळी तिकडे युरोप चांगला ऐकू येतो. चार-पाच मुलं आली तरी चालेल. किती देश झाले हे मोजू नका. एकाच स्टेशनशी दहा मिनिटं नीट बोलणं झालं, तिकडे शिबिरात आज जेवायला काय आहे हे कळलं, आणि मुलांनी हाताने रंगवलेलं क्यूएसएल कार्ड (बोलणं झाल्याची पोच) टपालाने गेलं, तर मुलांना तो जोटा लक्षात राहतो. मोठा मेळा मात्र २२ फेब्रुवारीला, स्काऊट-गाईडच्या चिंतन दिनाला ठेवा. हवा कोरडी, परीक्षा लांब, आणि सहा दिवसांवर विज्ञान दिन, त्यामुळे विज्ञानाचे शिक्षकही बरोबर येतात.

अंतराळ स्थानकाचं थोडक्यात सांगतो. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावरून हॅम रेडिओने शिलाँगच्या विद्यार्थ्यांशी बोलले, तेव्हापासून प्रत्येक शाळेला ते हवं आहे. तशी वेळ मिळायला मोठी रांग असते. पण तुमच्या सेटवर १४५.८०० मेगाहर्ट्झ लावून, कोल्ह्याचीच मेजर टेपची अँटेना घेऊन मैदानात उभं राहायला कोणाची रांग नाही. स्थानक डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटं ऐकू येतं, आणि कधी कधी त्यावरून चित्रं पाठवतात, ती मोबाइलवर उतरवता येतात. एक मूल अँटेना फिरवतं, एक वेळ सांगतं, एक आकाशात बोट दाखवतं. बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही. मुलं तरी पुन्हा येतात.

हॅम मंडळींना बोलावताना एक विनंती आधीच करा: भाषण नको, कामाला या. कोणी डाग द्यायला बसेल, कोणी कोल्हा लपवेल, कोणी अँटेनाचा बांबू धरेल. आमचे लोक मनाने उदार असतात, पण 'दोन शब्द बोला' म्हटलं की तास जातो. आणि गाईडना मागच्या रांगेत लॉग लिहायला बसवू नका, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, पण येणाऱ्या हॅमला सांगायची आहे. सुवाच्य अक्षर म्हणून मुलींना वही आणि मुलांना पाना, हे मी अनेक शिबिरांत पाहिलं आणि प्रत्येक वेळी थांबवलं.

पंचावन्नांतून दोन वर्षांत तीन-चार मुलं परवान्यापर्यंत गेली तर माझ्या मते पुष्कळ झालं. बाकीच्यांनी अँटेना बांधली, कोल्हा पकडला, निरोप बिनचूक पोचवला, ते त्यांच्याजवळ राहतंच. पैसे कमी पडले तर 'खरी कमाई' (मुलांनी काम करून पैसे मिळवायचा स्काऊट-गाईडचा उपक्रम) आहेच. आमच्या एका संघाने गावात जुन्या वायर आणि बंद फोन गोळा करून सगळं साहित्य उभं केलं होतं.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की बावीस मीटर वायर, पीव्हीसीचे तीन तुकडे, पंचवीस मीटर नायलॉन दोर आणि दोन टेप घेऊन मैदानावर या. फक्त एक संघ बोलवा, सगळे नको. सूत्र सांगा आणि बाजूला उभ्या राहा. अँटेना पहिल्या दिवशी वर नाही गेली तरी चालेल. जाईल त्या रविवारी सकाळी नऊ वाजता सात मेगाहर्ट्झवर मला हाक मारा, त्या वेळी तुमच्याकडचा सिग्नल इकडे सांगली बाजूला बरा येतो. माइक तुमच्या हातात असू द्या, लॉग मुलींच्या. मी कॉल साइन सावकाश सांगेन आणि एखादं अक्षर मुद्दाम दोनदा, म्हणजे रेघ मारायची वेळ येणार नाही.